किमानाचे वचन

यंत्राला ना मराठी कळते, ना इंग्रजी. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा जो दुभाषी, त्यास कंपाइलर म्हणतात. दुभाषी अनेक, त्यांचे कर्तेही अनेक. म्हणून ‘सी’ या भाषेपुरते सर्वांनी पाळावयाचे एक प्रमाण १९८९ साली अमेरिकेत ठरले व १९९० साली ते आंतरराष्ट्रीय झाले.

या प्रमाणात काही आकडे आहेत. निरनिराळ्या फायलींतील तुकडे ज्या नावांनी जोडले जातात, त्या नावांची पहिली सहाच अक्षरे ओळखण्याचे बंधन कंपाइलरवर होते. कारण तुकडे सांधणाऱ्या कित्येक जुन्या साधनांना त्यापुढचे वाचताच येत नसे. श्रोतेहो, ‘महाराजा’ आणि ‘महाराष्ट्र’ हे शब्द रोमन लिपीत लिहून पाहा. पहिली सहा अक्षरे तीच! एकाच्या जागी दुसरे धरले गेले, तरी प्रमाणभंग झाला असे म्हणता येत नसे. १९९९ च्या आवृत्तीने सहाचे एकतीस केले.

हे आकडे कमाल मर्यादेचे नव्हेत, किमान मर्यादेचे आहेत. आणि वचन तरी केवढे? या सर्व मर्यादा गाठणारी निदान एक आज्ञावली कंपाइलरने चालवून दाखवावी, एवढेच. नियमांची पुस्तके वाचण्यात माझी नोकरी गेली, पण इतकी सावध शब्दयोजना क्वचितच आढळली. तिला कारणही आहे. प्रत्येक यंत्राची स्मृती मर्यादित. तेव्हा सरसकट हमी देणार कोण? शक्यतो ठराविक मर्यादा घालूच नयेत, असेही प्रमाणच सुचविते. ‘जीसीसी’ हा प्रसिद्ध कंपाइलर बहुतेक ठिकाणी स्मृती पुरेल तोवर चालतो. एका फाइलीत दुसरी, तिच्यात तिसरी, अशा पंधरा पायऱ्या प्रमाण मागते. तो दोनशे देतो.

या औदार्यातच धोका आहे. साधा पूर्णांक निदान ३२,७६७ पर्यंत जाईल, एवढेच वचन आहे. आपल्या मेजावरील संगणकावर तो बहुधा दोनशे चौदा कोटींच्याही पुढे जातो, म्हणून कोणी फिकीर करीत नाही. पुढे तीच आज्ञावली पाण्याच्या पंपावरील एखाद्या लहानशा चिपसाठी वापरली जाते, आणि तेथे पूर्णांक सोळा बिटांचाच असतो. सकाळी आठला सुरू झालेला पंप त्यात सेकंद मोजू लागला, तर सायंकाळी पाच वाजून सहा मिनिटे सात सेकंदांनी ३२,७६७ भरतात. त्यात आणखी एक मिळविल्यावर काय व्हावे, हे प्रमाणाने सांगितलेलेच नाही.