फायरप्लेस हवी, पण कोणती?

महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात घर बांधणाऱ्या किंवा जुना बंगला विकत घेणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांच्या मनात एक चित्र हमखास असते. बाहेर दाट धुके, आत दिवाणखान्यात धगधगणारी फायरप्लेस, तिच्यासमोर आरामखुर्ची आणि हातात वाफाळता चहा. वास्तुविशारदाशी होणाऱ्या पहिल्याच बैठकीत ही मागणी पुढे येते. मग दर्शनी भागाला दगड कोणता लावायचा, वरच्या फळीवर काय मांडायचे, यावर तासन्‌तास चर्चा रंगते. धूर कुठून जाणार हा प्रश्न मात्र अगदी शेवटी, कित्येकदा स्लॅब पडल्यानंतर निघतो. वास्तविक निवडीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने १८२८ च्या सुमारास येथे आरोग्यस्थान वसू लागले. माल्कम पेठ हे नाव त्याचीच खूण. साहेबाने बंगले बांधताना आपल्या देशातील घराचा नकाशा सोबत आणला आणि त्यात फायरप्लेसही आली. पुढे मुंबईच्या धनिकांनी उभारलेल्या बंगल्यांतही तिचे अनुकरण झाले. तोवर येथील गावकऱ्यांच्या घरात ऊब नव्हती असे मुळीच नाही. चूल होती, शेगडी होती आणि कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडणारा धूर होता. त्या धुराने डोळे चुरचुरत, पण माळ्यावरचे धान्य आणि छपराचे वासे कोरडे राहत. डोंगरातला विस्तव थंडीइतकाच ओलीशी झुंजण्यासाठी असतो, हे त्या घरांना नेमके ठाऊक होते.

नव्या घरमालकाने ध्यानात घ्यावी अशी पहिली गोष्ट हीच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधण्याची पद्धत त्यासाठीच पडली. या काळात कपाटातील कपड्यांना बुरशी लागते, पुस्तके फुगतात, गाद्या दमट होतात. त्या मानाने हिवाळा सौम्य. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव गोठून हिमकण दिसतात, त्यांची छायाचित्रेही वर्तमानपत्रांत झळकतात. परंतु तो चमत्कार सखल भागापुरता असतो. निरभ्र, निवांत रात्री जड झालेली गार हवा उतारावरून घरंगळत तलावाकाठी साठते आणि त्याच वेळी वरच्या बाजारपेठेत पारा काही अंशांनी अधिक असतो. म्हणून आपले घर माथ्यावर आहे की खोलगट भागात, आणि आपण तिथे नाताळच्या सुटीपुरते जाणार की पावसाळ्यातही राहणार, या दोन प्रश्नांची उत्तरे दगडाचा रंग ठरवण्याआधी द्यावीत.

आता प्रकारांकडे वळू. सर्वांत देखणी आणि सर्वांत उधळी ती लाकडाची उघडी फायरप्लेस. तिच्यातील उष्णतेचा दहा-पंधरा टक्के भागच खोलीला मिळतो, बाकी सारी धुराड्यातून आकाशाला. शिवाय जळण्यासाठी आणि धुराड्यातून वर जाण्यासाठी ती खोलीतली हवा सतत ओढत राहते. बारा बाय पंधरा फुटांच्या दिवाणखान्यातील हवा तासाभरात अनेक वेळा बदलते आणि तिच्या जागी दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार, दमट हवा आत शिरते. समोर बसणाऱ्याची नडगी भाजते आणि पाठ मात्र गारठलेलीच राहते. हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. आगीचा दोष त्यात थोडा, रचनेचा जास्त.

ही रचना सुधारता येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने इंग्लंडमधील फायरप्लेसचा अभ्यास करून त्या उथळ कराव्यात, बाजूच्या भिंती तिरप्या ठेवाव्यात आणि धुराचा गळा अरुंद करावा असे सुचवले. तिरप्या भिंतींमुळे ऊब खोलीत फेकली जाते आणि अरुंद गळ्यामुळे धूर जोमाने वर चढतो. आपल्याकडचे गवंडी बहुधा खोल, चौकोनी, देवळीसारखा कोनाडा बांधतात. त्यात जाळ सुंदर दिसतो, पण ऊब आतच राहते. काम सुरू होण्यापूर्वी एवढी एक गोष्ट गवंड्याला कागदावर काढून दाखवली तरी पुष्कळ फरक पडतो.

धुराड्याचे गणित त्याहून महत्त्वाचे. धुराड्याच्या पोकळीचे क्षेत्रफळ फायरप्लेसच्या तोंडाच्या साधारण एक दशांश असावे. तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच तोंड असेल तर पोकळी किमान बारा इंच बाय नऊ इंच हवी. धुराडे छपरातून जिथे बाहेर पडते तिथून ते तीन फूट उंच असावे आणि दहा फुटांच्या परिघातील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा निदान दोन फूट वर असावे, असा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. महाबळेश्वरात त्यात वाऱ्याची भर पडते. आर्थर सीटवर खाली टाकलेली हलकी वस्तू वाऱ्याबरोबर पुन्हा वर येते, ही गंमत पर्यटक पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. कोकणातून कड्याला धडकून वर चढणारा तोच वारा कड्याजवळच्या घरांच्या धुराड्यात शिरला, की सगळा धूर दिवाणखान्यात उतरतो. म्हणून धुराडे पश्चिमेच्या बाहेरील भिंतीला चिकटवू नये. घराच्या मधोमध, छपराच्या आढ्यापाशी न्यावे. आत राहिल्याने ते उबदारही राहते आणि उबदार धुराडेच धूर चांगला ओढते. वर पावसापासून संरक्षण देणारी आणि वाऱ्याला अडवणारी टोपी हवीच. छपराशी जिथे जोड येतो तिथे पत्र्याचे काम चोख नसेल, तर पहिल्याच जुलैत भिंत गळू लागेल.

आगीच्या कोनाड्याला आतून अग्निरोधक विटा लावाव्यात. जांभा हा या भागाचा लाडका दगड, पण तो सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. दर्शनी भागात तो शोभतो, ज्वाळेला थेट भिडणाऱ्या जागी त्याचा वापर टाळावा. समोरची फरशी दीड फूट तरी पुढे आलेली असावी आणि लाकडी तुळया, वासे, तक्तपोशी धुराड्यापासून पुरेशा अंतरावर ठेवाव्यात. जुन्या बंगल्यांत या अंतराकडे दुर्लक्ष झालेले आढळते आणि वाळलेल्या सागाला कोळसा व्हायला फार वेळ लागत नाही.

घरात वारंवार राहणाऱ्यांसाठी माझी पसंती बंद लोखंडी स्टोव्हला आहे. हिमाचल-काश्मीरमध्ये बुखारी असते, तिचाच हा सुधारलेला भाऊबंद. काचेचे दार, हवा कमी-जास्त करण्याची खिट्टी आणि सहा इंच व्यासाची पोलादी नळी एवढाच याचा पसारा. चांगल्या स्टोव्हमध्ये साठ ते ऐंशी टक्के उष्णता घरात राहते. हिशेब करून पाहा. साधारण कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे चार युनिट ऊर्जा असते. संध्याकाळभरासाठी दहा युनिट ऊब हवी असेल, तर स्टोव्हला साडेतीन-चार किलो लाकूड पुरते, उघड्या फायरप्लेसला वीस किलोच्या आसपास लागते. वर सांगितलेल्या मापाच्या दिवाणखान्याला पाच किलोवॉटचा स्टोव्ह पुष्कळ झाला. विक्रेते मोठा घ्यायला लावतात. मोठा स्टोव्ह मंद जाळला की त्यात अर्धवट जळण होते, नळीत डांबरासारखा चिकट थर जमतो आणि एके दिवशी तो थरच पेट घेतो. ज्वाला उघडी दिसत नाही, ही या पर्यायावरची तक्रार खरी आहे. काचेतून दिसते तेवढ्यावर समाधान मानावे लागते.

लाकडाचा प्रश्न इथे केवळ खर्चाचा नाही. महाबळेश्वर-पाचगणी हा भाग केंद्र सरकारने २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे ते बुटके सदाहरित रान पाहायलाच आपण येथे येतो. ते जाळून ऊब घेणे यासारखा विरोधाभास नाही. मोळी दारात आली, स्वस्त मिळाली, म्हणून ती कुठल्या झाडाची, हे विचारायचे नाही असे होऊ नये. घाटाखालून येणारी शेतातली बाभूळ जड, सावकाश जळणारी आणि उत्तम ऊब देणारी असते. ती किमान एक उन्हाळा आडोशाला वाळलेली हवी. पावसाळ्यात मात्र पडवीत रचलेले लाकूडही हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे चार-पाच दिवसांचा साठा घराच्या आत असावा. ओले लाकूड आधी स्वतःतले पाणी उकळण्यात आपली शक्ती घालवते आणि मग नुसता धूर करते.

हा सारा व्याप नको म्हणून हल्ली गॅसच्या किंवा इथेनॉलच्या ‘बिनधुराड्याच्या’ फायरप्लेस सुचवल्या जातात. दिसायला नेटक्या आणि बसवायला सोप्या. त्यांचे माहितीपत्रक एक गोष्ट सहसा सांगत नाही. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि धुराडे नसेल तर ती खोलीतच राहते. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते, एक लिटर इथेनॉलपासून जवळजवळ तेवढेच लिटरभर. तीन किलोवॉटची गॅसची ज्वाला चार तास तेवत ठेवली तर किलोभर गॅस लागतो, म्हणजे दीड लिटर पाणी आपणच भिंतींवर शिंपडल्यासारखे. राजस्थानच्या कोरड्या थंडीत हे चालून जाईल. जुलैतल्या महाबळेश्वरात आपण ओल घालवायला विस्तव पेटवतो आणि ओलच वाढवून ठेवतो. इथेनॉलच्या बाबतीत आणखी एक धोका असा की गरम बर्नरमध्ये पुन्हा इंधन ओतताना भडका उडतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून झरोका खाली हवा. धुराड्याला जोडलेली गॅसची फायरप्लेस या दोषांतून बऱ्याच अंशी सुटते. तिचा विचार करायला हरकत नाही.

त्याहून गंभीर बाब कार्बन मोनॉक्साइडची. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि माणूस थकवा समजून अंथरुणावर पडतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमण या थंड हवेच्या ठिकाणी केरळमधून आलेले आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. त्यांत लहान मुले होती. उत्तर भारतात कोळशाच्या शेगडीमुळे दर हिवाळ्यात असे बळी जातात. तेव्हा पाहुण्यांच्या खोलीत ‘रात्रीपुरती’ शेगडी ठेवण्याचा आग्रह घरातल्या वडीलधाऱ्यांनी केला तरी तो नम्रपणे मोडून काढावा. शयनगृहात कोणताही जळता विस्तव नको. विस्तव असलेल्या प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा सूचक बसवावा. घरबांधणीच्या खर्चात ती रक्कम किरकोळ आहे.

सुटीपुरते जाणाऱ्यांसाठी आणि सदनिकेत राहणाऱ्यांसाठी विजेची फायरप्लेस पुरेशी आहे. तिची ज्वाला खोटी, पण ऊब खरी. दोन किलोवॉटचा हीटर चार तास चालला तर आठ युनिट वीज जाते आणि ओल वाढत नाही. त्यासाठी स्वतंत्र सोळा अँपिअरची जोडणी घ्यावी. पावसाळ्यात तारांवर झाडे पडून वीज गेली की तिचा उपयोग संपतो, हे मात्र गृहीत धरावे.

जुन्या बंगल्यात फायरप्लेस असेल तर ती आयती मिळाली म्हणून लगेच पेटवू नये. वर्षानुवर्षे बंद असलेल्या धुराड्यात पक्ष्यांची घरटी असतात, चुना झडून फटी पडलेल्या असतात. महाबळेश्वर मधासाठी प्रसिद्ध, तेव्हा आतल्या पोकळीत सातेरी मधमाश्यांनी मुक्काम केला असण्याचाही संभव. अशा वेळी धूर करण्याऐवजी मधपाळाला बोलवावे, तो वसाहत सुखरूप हलवतो. मग धुराडे साफ करून, आत पोलादी नळी उतरवून, त्याच कोनाड्यात छोटा स्टोव्ह बसवता येतो. बाहेरून बंगल्याचे रूप अबाधित राहते आणि आत उष्णता वाचते. वास्तू वारसा यादीत असेल तर धुराड्याची उंची बदलण्यापूर्वी नगरपरिषदेत चौकशी करणे इष्ट.

गवंड्याला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्या. वारा असलेल्या संध्याकाळी घराची सर्व दारे-खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा सुरू करा आणि फायरप्लेसच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धुराची रेघ आत वळून वर गेली तर ठीक. ती आपल्या चेहऱ्याकडे आली तर धुराडे अपुरे आहे किंवा खोलीला बाहेरच्या हवेची वेगळी वाट हवी आहे. भिंतीतून फायरप्लेसच्या तळाशी येणारी चार इंची नळी तेव्हाच टाकून घ्यावी, रंगकाम झाल्यावर ती टाकायला कोणी तयार होत नाही.