दोन कवचांचं फिरतं घर

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग शहरात १९६८ साली रे ओलेको आणि सँडोर डुसा या दोघांनी एक तेरा फुटी ट्रेलर तयार केला. ओलेको यांनी त्याआधी फायबरग्लासची सेप्टिक टँक बनवली होती. जमिनीत पुरलं तरी जे कुजत नाही, गंजत नाही आणि वजनालाही हलकं असतं, त्याच मालाचं एक छोटं घर करून ते साध्या मोटारीमागे जोडावं, अशी ती कल्पना होती. घराचा आकार गोलसर बोलर टोपीसारखा झाला आणि नावही बोलरच पडलं. वजन हजार पौंडांच्या आत, म्हणजे साधारण साडेचारशे किलो. आत चौघांची झोपायची सोय, दोन बर्नरची शेगडी आणि एक लहानसं सिंक.

पुढच्या वीसेक वर्षांत असे सुमारे दहा हजार ट्रेलर बाहेर पडले. १९८८च्या आसपास उत्पादन थांबलं. बोलरच्या वाटेनं इतरही आले. ओंटारिओत ट्रिलियम, अमेरिकेत मिनेसोटातल्या बॅकस गावचा स्कॅम्प, टेक्सासमधल्या राइस गावचा कसिटा. स्कॅम्प आजही जवळपास त्याच आकारात बनतो. २०१८ मध्ये बोलरला पन्नास वर्षं झाली तेव्हा विनिपेगमध्ये शेकडो जुने ट्रेलर आपल्या चाकांवर, मोटारीमागे ओढले जाऊन हजर झाले. त्याच काळातले पत्र्याचे ट्रेलर किती उरले असतील, हे कुठल्याही भंगारवाल्याला विचारावं.

हे टिकणं नशिबाचं नाही आणि फायबर अमर असतं म्हणूनही नाही. या ट्रेलरमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट माणसाच्या हाताला लागते, उघडता येते आणि पुन्हा बसवता येते. म्हणून तो टिकतो. पण त्यासाठी कुणीतरी हात लावावा लागतो.

नेहमीच्या ट्रेलरमध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकलेले असतात आणि प्रत्येक कोपऱ्यावर सांधा असतो. सांध्यातून पाणी शिरतं, लाकूड आतल्या आत कुजतं आणि बाहेरून काही वर्षं काहीच दिसत नाही. बोलरच्या भिंतीत कुजायला लाकूडच नाही. त्याची फक्त दोन कवचं असतात, एक वरचं आणि एक खालचं. दोन्ही साच्यात घडतात. आधी साच्याला मेण लावायचं, मग जेलकोटचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या गुळगुळीत रेझिनचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर थर, त्यावर काचेचे कापलेले धागे आणि पॉलिएस्टर रेझिन. हा थर रोलरनं दाबून त्यातली हवा काढतात. मोदकाच्या साच्यात जी पारी आधी दाबली जाते तीच वरच्या कळ्या होते, तसंच इथेही जे सर्वांत आधी लागलं ते सर्वांत बाहेर येतं. वाळलेली दोन कवचं कंबरेपाशी एकमेकांवर बसवून आतून फायबरच्या पट्टीनं जोडतात आणि बाहेरून सांध्यावर पट्टा चढवतात. भिंतीची जाडी तीन-चार मिलिमीटर. सगळी ताकद त्या गोलाईत असते.

म्हणजे मूळ कवचाला पाणी शिरायला वाटच नाही. वाट आपण करतो. खिडक्यांसाठी कवच कापलं जातं, छतावर झडप बसते, दिव्यांच्या तारा बाहेर येतात आणि आतली कपाटं भिंतीला धरून ठेवण्यासाठी पॉप रिव्हेट आरपार बसवले जातात. या ट्रेलरची देखभाल म्हणजे मुख्यतः या भोकांची देखभाल. कवच कुठून कुठून छेदलं आहे, याचा नकाशा ज्याच्या डोक्यात असतो त्याचा ट्रेलर कोरडा राहतो.

सर्वांत जास्त नुकसान चांगल्या हेतूनं मारलेल्या सिलिकॉननं केलं आहे. खिडकीतून पाणी आलं की लोक दुकानातून सिलिकॉनची नळी आणतात आणि चौकटीभोवती बाहेरून रेघ ओढतात. गळती काही महिने थांबते, मग दुसरीकडून सुरू होते आणि पुन्हा एक रेघ ओढली जाते. सिलिकॉन एकदा फायबरवर बसलं की त्याचा अंश सहजी निघत नाही. त्यावर रंग धरत नाही, जेलकोट धरत नाही, नवं सिलिकॉनही नीट धरत नाही. खरं काम वेगळं आहे. खिडकी पूर्ण काढायची, जुनं सगळं प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, चौकटीमागे ब्यूटाइल टेप लावायची आणि स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीनं आवळत जायचं. टेप कडेनं बाहेर येईपर्यंत आवळावं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. ब्यूटाइल कडक होत नाही, मऊ राहतं. रस्त्यावर कवच लवतं तेव्हा तेही सोबत लवतं. एका खिडकीला अर्धा दिवस जातो आणि तो द्यायलाच हवा.

रिव्हेटचंही तसंच. सैल झालेला रिव्हेट हाताला कळतो. बाहेरून बोट दाबलं की डोकं हलतं आणि त्याच्याभोवती काळपट वर्तुळ दिसतं. डोकं ड्रिलनं उडवायचं, दांडा आत ढकलायचा. भोक लांबट झालं असेल तर घट्ट केलेला इपॉक्सी भरून, वाळल्यावर नवं भोक पाडायचं. नवा रिव्हेट घालताना डोक्याखाली सीलंट हवंच, नाहीतर ही सगळी मेहनत पुढच्या पावसात वाहून जाते.

पण रिव्हेट सैल का होतात, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर भिंतीत नाही, जमिनीजवळ आहे. बोलर किंवा स्कॅम्पच्या खाली कमानी पाट्यांच्या स्प्रिंग नसतात. चौकोनी पोलादी नळीत दुसरा चौकोनी दांडा असतो आणि दोघांच्या मधल्या चार कोपऱ्यांत रबराच्या दोऱ्या दाबून बसवलेल्या असतात. चाक वर आलं की आतला दांडा फिरतो, रबर दबतं, धक्का जिरतो. याला टॉर्शन एक्सल म्हणतात. त्यात झिजायला फारसं काही नाही, तेल-पाणी लागत नाही. मात्र रबर म्हातारं होतं. पंचवीस-तीस वर्षांनी ते कडक आणि चपटं होतं. चाकाला जोडलेला हात मागे-खाली झुकलेला असायला हवा, तो आडवा किंवा वर गेलेला दिसला की समजावं, एक्सल संपला. वरून सगळं नीट दिसतं, ट्रेलर रस्त्यावर धावतोही, पण प्रत्येक खड्ड्याचा मार आता थेट कवचाला बसतो.

इथून पुढची साखळी ठरलेली आहे. धक्क्यानं रिव्हेट सैल होतात, रिव्हेटच्या भोकातून पाणी येतं, पाणी भिंतीच्या आतून ओघळून तळाच्या लाकडात मुरतं. ट्रेलरमध्ये कुजणारी जी एक मोठी गोष्ट आहे ती तळाची लाकडी पाटी. ती मागच्या बाकाखाली आणि चाकांच्या खोबणीजवळ आधी जाते, कारण पाणी तिथेच साचतं. तळ मऊ पडला म्हणून नवं प्लायवुड टाकणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या अनेकांनी एक्सलकडे वाकून पाहिलेलं नसतं. मग नवा तळही काही वर्षांत तसाच कुजतो. मला वाटतं, जुना ट्रेलर हाती आला की पहिला खर्च नव्या एक्सलवर करावा आणि रंग सर्वांत शेवटी.

त्याच वेळी चासीही पाहून घ्यावी. जुन्या तेरा फुटी बोलरचा हा ओळखीचा दोष आहे. मोटारीला जोडायचा पुढचा दांडा जिथे मुख्य चौकटीला मिळतो, त्या वळणापाशी पोलादाला भेग पडते. गंज आणि जुन्या रंगाखाली ती दिसत नाही, तारेच्या ब्रशनं घासल्यावर दिसते. नुसती भेग वेल्डिंगनं भरून चालत नाही, बाजूनं पट्टी जोडून ताकद वाढवावी लागते. वेल्डिंगपूर्वी गॅसचे सिलिंडर दूर न्यावेत आणि कवचापर्यंत उष्णता जाणार नाही असा आडोसा करावा, कारण पॉलिएस्टर पेट घेतो आणि पेटल्यावर फार वेगानं जळतो. चासी फारच खराब असेल तर कवच बोल्ट काढून उचलता येतं. इतकं हलकं असण्याचा हा मोठा फायदा.

कवचालाच भोक पडलं असेल, फांदी घुसली असेल, कुणी एअर कंडिशनरसाठी खिडकी कापली असेल, तर दुरुस्तीचं तंत्र कोकणात रोज चालतं. मालवणच्या किंवा हर्णैच्या बंदरावर फायबरच्या होड्यांचं काम करणाऱ्याला विनिपेगच्या या ट्रेलरपुढे नेलं, तर त्याला नवं शिकावं लागेल असं फारसं काही नाही. काचेच्या धाग्यांची मॅट तीच, रेझिन तेच, रोलर तोच. भोकाची कड आधी उतरती घासायची, जाडीच्या बारापट अंतरापर्यंत. तीन मिलिमीटर भिंतीला छत्तीस मिलिमीटरचा उतार. हा उतार पाहून नवख्याला वाटतं, एवढं चांगलं फायबर का घासायचं? पण नवा थर जुन्याला रसायनानं फार कमी धरतो, त्याची पकड या खरखरीत उतारावर असते. उतार चोरला की ठिगळ एका धक्क्यात सुटतं.

घासण्याआधी मात्र सॉल्व्हंटनं मेण आणि पॉलिश पुसून काढायचं. आधी घासलं तर तेच मेण फायबरच्या रेषांत खोल जाऊन बसतं. रेझिन कोणतं, हाही विचार हवा. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला उत्तम धरतो, पण त्याच्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट सुकत नाही, म्हणून वर रंगच द्यावा लागतो. शिवाय नेहमीच्या चॉप्ड मॅटचे धागे ज्या चिकट पावडरीनं बांधलेले असतात, ती पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही. इपॉक्सी वापरायचा तर विणलेलं कापड घ्यावं.

आणि एक गोष्ट होडीवाल्यांना पक्की ठाऊक असते, घरी काम करणाऱ्यांना नसते. पॉलिएस्टर रेझिन घट्ट व्हावं म्हणून त्यात कोबाल्ट आणि कॅटलिस्ट दोन्ही पडतात, पण ते एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच कॅटलिस्ट. तयार मिळणाऱ्या डब्यात कोबाल्ट बहुधा आधीच घातलेला असतो, लेबल वाचावं. घासताना मास्क, पूर्ण बाह्या आणि हातमोजे. काचेची धूळ कातडीत टोचते आणि फुप्फुसात गेली तर ते अजिबात परवडत नाही.

जेलकोट उन्हानं पांढुरका, खडूसारखा होतो. रबिंग कंपाउंडनं घासून मेणाचा हात दिला की बहुतेकदा चकाकी परत येते. बारीक कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा जेलकोटपुरत्याच असतील तर त्या दिसतात तितक्या घातक नसतात.

दिव्यांबद्दल थोडं. पत्र्याच्या गाडीत दिव्याची अर्थिंग बॉडीतून होते. फायबर वीज वाहून नेत नाही, म्हणून इथे प्रत्येक दिव्याला स्वतःची परतीची तार लागते. मागचे दिवे लुकलुकले तर बल्ब बदलण्याआधी ही तार पाहावी.

आतल्या कपाटांना हात लावताना फार विचार करावा. हल्ली जुने ट्रेलर घेऊन आतलं सगळं काढून मोकळं करण्याची हौस वाढली आहे. दाराशेजारचं उभं कपाट अनेकदा छताला आधार देत असतं. ते काढलं की छत हळूहळू खाली येतं, दाराची चौकट वाकते आणि गोलसर दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. हे मी पाहिलं आहे आणि पाहताना वाईट वाटतं. पन्नास वर्षं ज्या आकारानं सगळं तोलून धरलं, तो एका सुट्टीत मोडून टाकण्याचा हक्क कुणी घेऊ नये.

थंडीत सकाळी भिंतीवर पाण्याचे थेंब दिसले की लोक गळती शोधत बसतात. चार माणसं रात्रभर श्वास घेतात, शेगडीवर पाणी उकळतं, बाहेर गोठवणारी थंडी आणि मध्ये एकेरी भिंत. ते पाणी आपलंच असतं. छताची झडप आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी, गाद्या उचलून खाली हवा जाऊ द्यावी. खरी गळती नेहमी एकाच जागी, पावसानंतर दिसते. मॅनिटोबातल्या हिवाळ्याआधी नळ्यांतलं सगळं पाणी काढून त्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉल भरतात, आणि तारा-नळ्यांच्या भोकांत स्टीलवूल कोंबतात, कारण उंदरांना ही ऊब फार आवडते.

सुरक्षेत तडजोड नाही. गॅसचा प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्यानं तपासावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि दारापाशी अग्निशामक ठेवावा. दार एकच असतं, म्हणून मागची खिडकी आतून उघडते आहे ना, हे प्रत्येक प्रवासाआधी पाहावं. टायरची नक्षी नवी दिसली तरी त्यावरचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं झाली की टायर बदलावा. चाकाच्या बेअरिंगना वर्षातून एकदा ताजं ग्रीस द्यावं.

कुणाला असा जुना ट्रेलर घ्यायचा असेल तर कोरड्या, उन्हाच्या दिवशी पाहायला जाऊ नका. पावसानंतर जा. टॉर्च, तारेचा ब्रश आणि टोकदार टोच्या सोबत न्या. आधी खाली झोपून चासी आणि एक्सल पाहा, मग मागच्या बाकाखालचा तळ टोचून पाहा, शेवटी दार उघडा आणि लावा. एक्सल गेला असेल, तळ कुजला असेल, चासीला भेग असेल, तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या, या गोष्टी दुरुस्त होतात. दार चौकटीत बसत नसेल आणि छत मधोमध खाली आलं असेल, तर रंग कितीही सुंदर असो, तो ट्रेलर घेऊ नका.