श्वान दत्तक घेणे व निर्बीजीकरण

श्वान दत्तक घेणे म्हणजे रस्त्यावरील, निवारागृहातील किंवा पूर्वीच्या मालकाने सोडून दिलेल्या कुत्र्याचा आयुष्यभरासाठी सांभाळ स्वीकारणे होय. कुत्र्याचे आयुष्य साधारणपणे १० ते १५ वर्षांचे असते. दत्तक घेताना जे निर्णय करावे लागतात, त्यांत निर्बीजीकरणाचा निर्णय सर्वाधिक वादाचा आहे. ही शस्त्रक्रिया सरसकट हितकारक मानण्याकडे भारतात कल आहे, तर काही युरोपीय देशांत ती सकारणच करावी असा दंडक आहे. नॉर्वेच्या २००९ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार योग्य कारणाशिवाय प्राण्याचा अवयव काढता येत नाही, त्यामुळे तेथे निरोगी पाळीव कुत्र्यांचे निर्बीजीकरण नित्याचे नाही. मात्र नॉर्वेतील कुत्री मोकाट फिरत नाहीत, ही बाब या तुलनेत विसरता येत नाही.

दत्तक घेण्यापूर्वी

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू आईपासून वेगळे करू नये. या काळात ते दुधाबरोबरच दात किती जोराने लावावेत हेही आई व भावंडांकडून शिकते. व्यावसायिक पैदास करणाऱ्यांना २०१७ च्या श्वान पैदास व विपणन नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लांच्या विक्रीस मनाई केली आहे. आई दगावलेली पिल्ले हा अर्थातच अपवाद होय. पार्वो, डिस्टेंपर आदी रोगांवरील लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि रेबीजची लस साधारणतः तीन महिन्यांनंतर दिली जाते.

प्रौढ कुत्रा दत्तक घेण्याचा पर्याय अनेकदा दुर्लक्षित राहतो. वास्तविक त्याचा आकार, स्वभाव व प्रकृती आधीच कळलेली असते. रस्त्यावरील कुत्र्याच्या कानाला खाच असल्यास त्याचे निर्बीजीकरण पूर्वीच झालेले असते.

कायदेशीर जबाबदारी

भारतात २००१ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम रद्द होऊन २०२३ चे नियम लागू झाले. रस्त्यावरील कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी असून पाळीव कुत्र्यांबाबत ती मालकावर आहे. मुंबई व पुणे महानगरपालिकांच्या हद्दीत कुत्रा पाळण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना रस्त्यावरील कुत्री दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, परंतु असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदारावर टाकली.

पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड मात्र १० ते ५० रुपयेच आहे. एवढ्या दंडाचा धाक कोणालाही वाटण्यासारखा नाही.

निर्बीजीकरणाचे फायदे

मादीच्या शस्त्रक्रियेत अंडाशये, आणि बहुधा गर्भाशयही, काढले जाते. नराचे वृषण काढतात. मादी साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते व गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. भारतातील मोकाट कुत्र्यांचा समागमाचा हंगाम प्रामुख्याने पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतो. मराठी बोलीत कुत्री आणि भाद्रपद यांची सांगड घातली जाते ती यामुळेच. अशा वेळी अंगणात बांधलेली मादीही सुरक्षित नसते. घरी जन्मलेल्या चार-सहा पिल्लांना घरे मिळाली नाहीत, तर त्यांतील काहींची रवानगी अखेर रस्त्यावरच होते.

वैद्यकीयदृष्ट्या मादीला होणारा मोठा लाभ म्हणजे पायोमेट्रापासून संरक्षण. या विकारात गर्भाशयात पू साठतो आणि वेळीच उपचार न झाल्यास मादी दगावते. स्वीडनमधील पशुविम्याच्या नोंदींनुसार निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश माद्यांना वयाच्या दहा वर्षांपर्यंत हा विकार होतो. स्तनांच्या गाठींबाबतचा दावा इतका पक्का नाही. पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया केल्यास हा धोका जवळजवळ नाहीसा होतो, हे विधान १९६९ च्या एका अभ्यासावर आधारलेले आहे. उपलब्ध पुराव्यांच्या २०१२ मधील पुनरावलोकनात या संबंधाचा आधार दुबळा असल्याचे आढळले.

नरामध्ये वृषणाच्या कर्करोगाची शक्यता संपते आणि वयानुसार होणारी प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ टळते. प्रोस्टेटच्या कर्करोगापासून मात्र संरक्षण मिळत नाही. समागमातून पसरणारा जननेंद्रियांचा संसर्गजन्य अर्बुदरोग भारतातील मोकाट कुत्र्यांत बराच आढळतो. त्याची लागण होण्याची संधीही निर्बीजीकरणाने कमी होते.

तोटे व योग्य वय

निर्बीजीकरणानंतर ऊर्जेची गरज घटते, त्यामुळे आहार पूर्वीइतकाच ठेवल्यास वजन वाढते. काही माद्यांना पुढे लघवीवर ताबा राहत नाही. नर शांत होईल, ही अपेक्षाही सर्वस्वी खरी नाही. भटकणे आणि जागोजागी लघवी करून खुणा करणे बहुधा कमी होते, परंतु भीतीपोटी चावणारा कुत्रा शस्त्रक्रियेने सुधारत नाही आणि क्वचित अधिक बिथरतो.

वयाच्या प्रश्नाला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हर जातीवर केलेल्या अभ्यासाने नवे वळण मिळाले. या अभ्यासात एक वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्यांपैकी ५ टक्के नरांत व ८ टक्के माद्यांत गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्याचे आढळले. निर्बीजीकरण न झालेल्यांत असा एकही रुग्ण नव्हता. हाडांची वाढ थांबवण्यात लैंगिक संप्रेरकांचा वाटा असतो, ती लवकर नाहीशी झाल्यास हाडे अधिक काळ वाढत राहतात. त्याच संशोधकांना पुढे २० किलो व त्याहून अधिक वजनाच्या संकरित कुत्र्यांतही लवकर शस्त्रक्रियेचा सांध्यांवर परिणाम दिसला. लहान चणीच्या कुत्र्यांत असा धोका फारसा आढळला नाही.

यावरून मोठ्या चणीचा, घरातच राहणारा आणि पट्ट्याशिवाय बाहेर न जाणारा कुत्रा असल्यास वर्षभर थांबणे श्रेयस्कर ठरते. गावठी मादी असेल, वाडा किंवा शेतघर उघडे असेल आणि माजाच्या तीन आठवड्यांत राखण करणे शक्य नसेल, तर सांध्यांच्या धोक्यापेक्षा नको असलेल्या पिल्लांचा धोका निश्चितच मोठा आहे.

शस्त्रक्रियेची पूर्वतयारी व शुश्रूषा

माजाच्या काळात रक्तवाहिन्या फुगलेल्या असल्याने मादीची शस्त्रक्रिया टाळतात व सामान्यतः माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबतात. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याची आधी रक्ततपासणी करणे विशेष आवश्यक असते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातील बिंबाणू घटतात आणि वरवर धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यालाही शस्त्रक्रियेत अतिरक्तस्राव होऊ शकतो. नंतर टाके काढेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, जखम चाटू नये म्हणून गळ्यात रुंद कॉलर घालतात. नराच्या शरीरात शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे शुक्राणू शिल्लक राहत असल्याने तेवढा काळ त्याला माजावर आलेल्या मादीपासून दूर ठेवावे लागते.