एकटीनं दोन दिवस : समुद्राकाठच्या राजधानीत



आज आपण प्रवासाबद्दल बोलू. लग्नाला, बाळंतपणाला, दवाखान्यात किंवा वारीला जाणं आपल्याला नवं नाही. आजचा विषय थोडा वेगळा आहे. एखादं शहर नुसतं बघायला, दोन दिवस, एकटीनं जाणं.

"कशाला? आणि कोणाबरोबर?" हे दोन प्रश्न घरातून येणारच. गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढतो, तेव्हा आधी सगळ्याजणी हसतात. मग एकेक बोलू लागते. बँकेचं कर्ज वेळेवर फेडणारी, गटाचं दप्तर चोख ठेवणारी बाई तालुक्याच्या पुढं गेली की नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या मागून चालते. पाटी तिला वाचता येते, पैसे तिच्या कनवटीला असतात. फक्त आपल्या मनानं वळायची आणि थांबायची सवय राहिलेली नसते. ही सवय लावून घ्यायला आपल्या राज्याची राजधानी चांगली, आणि त्या राजधानीत वरळीचा कोळीवाडा.

तिकडे उत्तर युरोपात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन समुद्राकाठीच आहे. अशी शहरं दोन-तीन दिवसांत पाहायला पुष्कळ बाया एकट्या जातात. तिथं जुन्या मासळीबाजाराच्या घाटावर मासळी विकणाऱ्या बाईचा दगडी पुतळा आहे, १९४० साली उभारलेला. त्या बायांचा बाजार आता इतिहासजमा झाला. आपल्या मुंबईत मात्र डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण आजही भेटते. पुरुष दर्यावर जातो आणि मासळी विकते बाई. भाव ती ठरवते, उधारी ती लक्षात ठेवते, पैसा तिच्या हातात येतो. धंदा शिकणाऱ्या आपल्या गटांनी हे पाहण्यासारखं आहे.

आता जायचं कसं ते सांगतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. आधारकार्ड जवळ ठेवा. आपल्या भागातली गाडी परळला थांबत असेल तर उत्तम, तिथून वरळी जवळ पडते. एक गोष्ट गावाकडच्या बाईला माहीत नसते : दादर, परळ, वरळी या भागात रिक्षा चालत नाहीत. तिथं काळीपिवळी टॅक्सी मिळते, भाडं मीटरप्रमाणे. बेस्टची बस त्याहून स्वस्त. आता भुयारी मेट्रोही आहे. शिवाजी महाराज टर्मिनस किंवा दादरहून ती वरळीला जाते. कोळीवाडा त्या स्टेशनपासून लांब आहे, पुढं बस किंवा टॅक्सी करावी लागते.

लोकलनं जायचं असेल तर बायकांचा डबा धरा. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ ही गर्दीची वेळ टाळा. फक्त बायकांसाठी असलेली पहिली लोकल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली धावली. नोकरी करणाऱ्या बायकांची शहरात केवढी ये-जा असते, ते त्या डब्यात बसलं की कळतं.

मुक्कामाची जागा निघण्याआधी फोनवरून पक्की करा. मुंबई सेंट्रल स्टेशनात झोपण्यापुरत्या छोट्या खोल्यांचं पॉड हॉटेल आहे, त्यात बायकांसाठी वेगळी सोय आहे. कुलाब्याला वायडब्ल्यूसीएचं अतिथीगृह आहे. ठिकाणाचं नाव आणि पत्ता कागदावर लिहून घरी एक, पर्समध्ये एक ठेवा, कारण मोबाईलची बॅटरी संपते. पैसे दोन ठिकाणी ठेवा. ११२ हा मदतीचा नंबर सगळीकडे चालतो. रेल्वेसाठी १३९ आहे. रोज संध्याकाळी घरी एक फोन करायची वेळ ठरवून द्या. म्हणजे दिवसभर "कुठं पोचलीस?" म्हणून फोन वाजत नाही.

कधी जायचं, हे तिथी पाहून ठरवा. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. मासळीचा तो अंडी घालायचा काळ. पाऊसही जोरात असतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात, त्यानंतर कोळीवाडा गजबजतो. भरती दिवसातून दोन वेळा येते, आणि रोज साधारण पाऊण तास उशिरानं. पौर्णिमा-अमावास्येला ती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. आपल्याला चतुर्थी-एकादशी तोंडपाठ असते, तेच ज्ञान इथं उपयोगी पडतं. उधाणाच्या दिवशी आणि पावसाळ्यात खडकांवर उतरू नका.

वरळी हे मुळात बेट होतं. मुंबईची सात बेटं भराव घालून जोडली गेली, त्यातलं हे एक. शहर चहूबाजूंनी वाढलं, पण टोकावर कोळ्यांचं गाव राहिलं. गावात शिरलं की गल्ली इतकी अरुंद होते की समोरून हातगाडी आली तर भिंतीला चिकटावं लागतं. टेकाडावर गोलफादेवीचं देऊळ आहे. तिच्या शेजारी साकबादेवी आणि हरबादेवी आहेत. इथं देवीला कौल लावायची रीत आहे. दर्यावरची माणसं तिच्यावर भरवसा टाकून असतात.

पुढं गावाच्या टोकाला वरळीचा किल्ला. इंग्रजांनी १६७५ च्या सुमारास बांधलेला. मोठा नाही, रायगड-प्रतापगड पाहिलेल्यांना तर बुरुजाएवढाच वाटेल. पण माहीमच्या खाडीवर आणि येणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला जागा नेमकी आहे. इथं थोडा वेळ बसा. घाई करणारं कोणी सोबत नाही, हा एकटीनं येण्यातला मोठा फायदा.

समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो. ३० जून २००९ रोजी तो सुरू झाला. लांबी सुमारे साडेपाच किलोमीटर. त्यावर पायी जाता येत नाही, दुचाकीलाही बंदी. गाडीतून जाणाऱ्याला कोळीवाडा म्हणजे खाली दिसणारी दाट वस्ती. किल्ल्यावरून बघितलं तर तोच पूल बोटींच्या वाटेत उभा दिसतो. पुढं किनारी रस्त्याचं काम आलं, तेव्हा वरळीच्या मच्छीमारांनी विरोध केला. दोन खांबांमध्ये ६० मीटरचं अंतर ठरलं होतं. वारा आणि लाटा असताना एवढ्या फटीतून बोट नेणं धोक्याचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी याहून जास्त मागितलं होतं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर मान्य झालं. एकीनं धरून बसलं तर सरकारी आराखड्यातली रेघ हलते, हे तिथं डोळ्यांनी दिसतं.

कोळीवाड्यात चालताना एवढं ध्यानात ठेवा. लोकांची अंगणं आहेत ती, प्रदर्शन नाही. फोटो काढायचा तर आधी विचारा. जाळं दुरुस्त करणाऱ्याला किंवा मासळी निवडणाऱ्या मावशीला काम सुरू असताना अडवू नका. पण मासळी घ्या, भाव विचारा, बोलणं आपोआप सुरू होतं. "तुमच्याकडं कुठली मासळी मिळते?" असं तीच विचारील. जवळच माहीमच्या कोळीवाड्यात २०२३ पासून महिला बचत गटांचं सी फूड प्लाझा आहे. जेवायला तिथं जा. वेळा आधी विचारून घ्या. ताटाचा दर कसा ठरवला, पाळ्या कशा लावल्या, उरलेल्या मासळीचं काय करता, हे त्या बायांना विचारा. आपल्या गटाला खानावळ किंवा पापड-लोणच्याचं केंद्र चालवायचं असेल तर हे उत्तर कामी येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादरची चैत्यभूमी, मग मरीन ड्राइव्हला समुद्राकडं तोंड करून तासभर बसणं, आणि दुपारची एसटी. एवढं पुरे. दोन दिवसांत दहा ठिकाणं उरकली तर दमणूक घरी येते, आठवण येत नाही.

राहिला पैसा. बारा जणींच्या गटानं दर महिन्याला शंभर-शंभर रुपयांची वेगळी भिशी लावली, तर महिन्याला १२०० रुपये जमतात. चिठ्ठी निघेल ती जाईल. वर्षभरात बाराही जणींची पाळी येते. हा पैसा बचतीत आणि कर्जात मिसळू नका, वहीत वेगळं पान करा. कमी पडतील ते घरून घालावे लागतील. जी जाऊन येईल तिनं पुढच्या बैठकीत दहा मिनिटं सांगायचं : काय पाहिलं, किती खर्च झाला, कुठं वाट विचारली. पुढच्या ताईला तेच कामाला येतं.

घरी आधी सांगा, परवानगीच्या सुरात नको, तारीख ठरवून सांगा. "अमुक तारखेला जाते, अमुक तारखेला संध्याकाळी येते, भाकऱ्या तेवढ्या दोन दिवस तुम्ही बघा." दोन दिवसांनी चूल तिथंच असते.

या महिन्याच्या बैठकीत पहिली चिठ्ठी काढा, आणि कोणाचं नाव निघालं ते आम्हाला कळवा.