लांबची वाट, लवकरचा मुक्काम

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत हल्ली कुणाचा ना कुणाचा नातू अमेरिकेत असतोय, आणि उभ्या मारुती चौकात बसलेल्या त्याच्या आजोबाला विमान किती वाजता सुटलं अन् कुठवर गेलं हे सगळं तोंडपाठ असतंय. त्या आजोबालाही नवल वाटावं अशी एक गोष्ट आहे. बसा ऐसपैस, सांगतो.

२०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाचं विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. तोवर ते मावळतीकडं तोंड करून, अटलांटिक ओलांडून जायचं. ती वाट साधारण १३,९०० किलोमीटरची. या खेपेला गड्यानं तोंड फिरवलं उगवतीकडं आणि प्रशांत महासागरावरनं १५,३०० किलोमीटरची वाट धरली. म्हणजे कोल्हापूर ते दिल्ली सरळ जेवढं अंतर, जवळपास तेवढा जास्तीचा वळसा! आणि पोचलं कधी? साडेचौदा तासांत, जुन्या वाटेपेक्षा सुमारे दोन तास आधी.

कुणी म्हणेल, पृथ्वी खालून फिरते त्याचा हा फायदा. तसं नव्हे बाबांनो. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, नाहीतर संध्यामठावरनं उडालेला बगळा पुन्हा रंकाळ्यावर उतरला असता होय? आणि तसं असतंच, तर मावळतीकडं जाणाऱ्याचं गाव समोरून चालत आलं असतं.

खरी करामत वाऱ्याची. नऊ-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याचा एक झोत धावतो, कधी ताशी दोनशे, कधी तीनशे किलोमीटरनं. विषुववृत्ताकडची ऊन हवा ध्रुवाकडं निघते, फिरती पृथ्वी तिला पूर्वेकडं वळवते, आणि उबाऱ्याची नि गारठ्याची जिथं गाठ पडते तिथं जोर सगळ्यात जास्त. पुराच्या पंचगंगेत उडी टाकणाऱ्या पोराला धारेची किंमत विचारा, वैमानिकाचंही तेच. म्हणून मुंबईहून न्यूयॉर्कला जायला जास्त वेळ लागतो आणि परत यायला कमी.

हा वारा पहिल्यांदा नीट मोजणाऱ्यांत जपानचे वासाबुरो ओइशी. १९२० नंतर हा माणूस तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडायचा आणि दुर्बीण लावून त्यांच्या मागं नजर पळवायचा. हिवाळ्यात फुगे पूर्वेकडं सुसाट निघायचे. साऱ्या जगानं वाचावं म्हणून त्यानं १९२६ साली अहवाल लिहिला एस्परांतो या नव्यानं घडवलेल्या जागतिक भाषेत, आणि जगानं तो वाचलाच नाही! मला फार हळहळ वाटते त्याची. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर याच वाऱ्यात सापडली, तेव्हा त्यांना त्याचा हिसका कळला. जपानला तो ठाऊक होताच. शाळकरी मुलींनी खळीनं चिकटवलेल्या कागदाचे नऊ हजारांवर फुगे, खाली बॉम्ब टांगून, त्यांनी त्या वाऱ्यावर सोडले. दोन-तीन दिवसांत महासागर पार करून त्यातले काही अमेरिकेत पोचले.

आपल्याकडं हिवाळ्यात हा झोत उत्तर हिंदुस्थानावर असतो आणि जूनच्या सुमारास हिमालयापलीकडं सरकतो. मग दक्षिणेच्या आभाळात दुसराच एक झोत येतो, तोही उलटा, पूर्वेकडून; त्याचा उलगडा १९५० नंतर आपल्याच पी. कोटेश्वरम यांनी केला. आषाढात गगनबावड्याकडनं ढग येऊन पेठेला भिजवतात ना, तेव्हा त्यांच्याही वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर, वारा नेमका विरुद्ध दिशेला, आफ्रिकेकडं पळत असतो.