ताकदीच्या पुडीतलं ज्येष्ठमध

 राखोलीहून आलेला एक प्रश्न थांबवून ठेवण्यासारखा नाही. तिथल्या कारखान्यात रात्रपाळी करणारे एक वाचक ताकदीसाठी रोज जिनसेंग-ज्येष्ठमधाचं पेय घेतात. बीपीची गोळीही चालू आहे. दोन्ही चालेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि इथे खरी काळजी महागड्या जिनसेंगची नाही, घरच्या ज्येष्ठमधाची आहे.

ज्येष्ठमधावर आपल्याकडे कुणी संशय घेत नाही. चरकाने त्याला कंठ्य द्रव्यांत बसवलं, गवई त्याची कांडी गालात धरतात. घसा बसल्यावर दोन दिवस कांडी चघळली तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. पण महिनोन्‌महिने रोज पुडी घेणं हा वेगळा मामला आहे.

ज्येष्ठमधाचा दुष्परिणाम पहिल्यांदा नीट टिपला तो रेव्हर्स या डच डॉक्टरांनी, १९४६ साली. पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क देताना रुग्णांना आराम पडत होता, पण पाचांतल्या एकाचा चेहरा आणि हातपाय सुजत होते. कारण उलगडायला १९८७ साल उजाडलं. एडिंबराच्या संशोधकांनी दाखवलं, की ज्येष्ठमधाला गोडी देणारं ग्लिसरायझिन पोटात गेल्यावर मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) अडवतं. हे विकर एरवी कॉर्टिसॉल या संप्रेरकाला तिथे निष्प्रभ करतं. ते अडलं की कॉर्टिसॉल मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. बीपी चढतं, पाय सुजतात, स्नायू गळून जातात, क्वचित हृदयाचे ठोके बिघडतात.

यातली गळून जाण्याची तक्रार सर्वांत फसवी. माणसाला वाटतं थकवाच आहे, आणि तो आणखी एक पुडी घेतो!

युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २००३ साली ग्लिसरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्राम सुचवली. २०२४ साली स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठात निरोगी तरुणांना रोज तेवढंच दिलं, तरी दोन आठवड्यांत त्यांचा रक्तदाब वाढला. ज्येष्ठमधाच्या मुळात त्याचं प्रमाण कमीजास्त असतं. ४ टक्के धरलं, तर ५ ग्रॅम चूर्णातच २०० मिलिग्राम होतात. पाकिटावर मुळाचे ग्रॅम छापलेले असतात, ग्लिसरायझिनचा आकडा सहसा नसतो.

लघवी वाढवणारी बीपीची गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, दिवस गेलेले असतील, तर हे पेय नकोच. पहिली गोळी बऱ्याचदा स्वतःच पोटॅशियम घालवते, आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन घातक ठरतं. जिनसेंगचं थोडक्यात: रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम ते कमी करू शकतं, मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर जास्त उतरू शकते.

राखोलीच्या वाचकांनी तूर्त पुडी बंद ठेवावी, गोळी मात्र स्वतःहून थांबवू नये. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं. बीपी मोजून घ्यावं, रक्तातलं पोटॅशियम तपासावं. छातीत धडधड किंवा हातापायांत जोर नसणं जाणवलं तर त्याच दिवशी. पुडी सोडल्यावरही हा परिणाम एक-दोन आठवडे रेंगाळू शकतो, म्हणून बीपी पंधरा दिवसांनी पुन्हा मोजायला हवं.