दुखण्याची नोंदवही

तंजावरच्या सरफोजी राजे भोसल्यांच्या हाती १७९९ च्या तहानंतर किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढेच उरले. बाकीचा कारभार कंपनी सरकारने घेतला. १८३२ पर्यंतचे पुढचे आयुष्य या राजाने विद्येला दिले. सरस्वती महाल ग्रंथालय त्याने ग्रंथांनी भरले आणि धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणाऱ्यांना एकत्र कामाला लावले. पारखून घेतलेल्या औषधयोगांची तमिळ पद्ये रचली गेली. पुढे ग्रंथालयाने ती ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने छापली. याहून मोलाचा ठेवा म्हणजे डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी. कोणाला काय झाले होते, उपचार कोणता केला आणि गुण किती आला, हे त्यांत टिपलेले आहे. जुनाट वेदनांवर अफूच्या वर्गात न मोडणारे औषध वनस्पतींत शोधायचे असेल, तर तंजावरच्या औषधयोगांइतकीच ही नोंद ठेवण्याची रीतही आपण उचलली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या वेदनेला डॉक्टर जुनाट म्हणतात. झिजलेले गुडघे, कंबर, मधुमेहाने बिघडलेल्या नसा, नागीण बरी झाल्यावरही मागे राहणारी आग ही तिची नेहमीची रूपे. अफूपासून मिळणारे मॉर्फिन आणि त्याच्या जातीची औषधे शस्त्रक्रियेनंतर किंवा कर्करोगात मोठा दिलासा देतात. पण ती महिनोन्‌महिने घेतली, तर शरीराला सवय लागते, मात्रा वाढत जाते आणि जास्त झाल्यास श्वासच मंदावतो. गुडघेदुखीसारख्या वर्षानुवर्षांच्या दुखण्यावर ती सर्रास दिल्याचे भयंकर परिणाम अमेरिकेने भोगले आहेत. म्हणून वेगळ्या वाटेने वेदना शमवणारे पदार्थ शोधणे निकडीचे झाले आहे.

वनस्पतींत असे पदार्थ आहेत, याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या मिसळणाच्या डब्यातच सापडतो. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे येतो. ते मज्जातंतूच्या टोकावरचे नेमके कोणते दार उघडते, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखवले आणि २०२१ मध्ये ज्युलियस यांना नोबेल मिळाले. हेच दार पोळल्यावरही उघडते, म्हणून मिरची लागली की भाजल्यासारखे वाटते. मात्र तीव्र मात्रेचा मारा झाला की त्वचेतली तंतूंची टोके काही काळ निकामी होतात आणि वेदनेचा निरोप पुढे जात नाही. आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी अमेरिकेत २००९ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी आणि २०२० मध्ये मधुमेही पायांच्या वेदनेसाठी मान्य झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती फार तर तासभर ठेवतात आणि गुण तीन महिन्यांपर्यंत टिकू शकतो. घरी मिरची चोळून मात्र असा उपचार होत नाही. द्रव्य, मात्रा, वेळ आणि आजार हे चारही ठरले, तेव्हाच त्या तिखटाचे औषध झाले.

‘शेकडो वर्षांचा अनुभव असताना चाचण्या कशाला?’ हा आक्षेप नेहमी येतो. अनुभवाला मी कमी लेखत नाही. कोणत्या झाडाकडे पाहायचे, हे तोच सांगतो. पण वेदना चढत-उतरत असते. दुखणे कळसाला पोहोचले की माणूस औषध घेतो, नंतर ते आपोआप ओसरते आणि श्रेय औषधाला जाते. शिवाय औषध घेतल्याच्या विश्वासानेही वेदना खरोखर कमी होते. म्हणून निम्म्या रुग्णांना हुबेहूब दिसणारी, औषध नसलेली गोळी द्यावी लागते. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी सालईच्या, म्हणजे शल्लकीच्या, डिंकाचा अर्क असाच तपासला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताचे ३० रुग्ण होते. आठ आठवड्यांनंतर दोन्ही गटांची औषधे अदलाबदल केली. अर्काने दुखणे उतरले, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले, पण क्ष-किरण चित्रात काही फरक पडला नाही. ही शेवटची गोष्टही त्यांनी लिहून ठेवली, म्हणून पहिल्या तीन गोष्टींवर विश्वास ठेवावासा वाटतो. तीस माणसे अर्थात पुरेशी नाहीत.

‘वनस्पतीजन्य आहे, अपाय होणार नाही,’ हा दुसरा समज. अफूही वनस्पतीच आहे. पुण्यातले संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर २४ आठवडे केलेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुंठ, गुळवेल, आवळा आणि शल्लकी यांच्या अर्कांचे योग ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या औषधांच्या तोडीचे ठरले. त्याच वेळी काही रुग्णांच्या रक्तात यकृताचे एसजीपीटी हे विकर वाढलेले दिसले आणि औषध थांबवल्यावर ते उतरले. रक्त तपासले नसते, तर कोणाला कळलेही नसते. या चाचणीत तिसऱ्या आक्षेपाचेही उत्तर आहे. एकच द्रव्य वेगळे काढले की वनस्पतीचा आत्मा हरवतो, असे काही वैद्य म्हणतात. मग संपूर्ण योग तपासा, विज्ञानाची त्याला हरकत नाही. प्रत्येक खेपेत घटक तेवढेच आहेत, एवढी खात्री मात्र द्यावीच लागेल.

एक धोका मात्र टाळला पाहिजे. वनस्पतींच्या नावाखाली कर्करोगाच्या रुग्णाचे मॉर्फिन अडवणे क्रूर ठरेल. आपल्याकडे अनेकांना ते गरज असूनही मिळत नाही, आणि २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली ती ही अडचण दूर करण्यासाठीच. नव्या शोधासाठी जागाही तयार आहे: तंजावरजवळ शास्त्र विद्यापीठात भारतीय वैद्यकाचे संशोधन केंद्र आज काम करते आहे आणि शहरात सरस्वती महालातली हस्तलिखिते आहेत. जुने योग आणि नव्या चाचण्या यांची गाठ तिथे घालता येईल. वाचकांनीही आपला वाटा उचलावा: काढा, चूर्ण, गोळी, काहीही घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, आणि दुखणे कधी, किती वाढले-उतरले ते तारखेसह वहीत लिहून ठेवा.